साठ मेगाहर्ट्झ आणि सतरा महिने

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या विभागात टेबलावर मावणारं एनएमआर यंत्र (चुंबकात ठेवलेल्या पदार्थाचे रेणू ओळखणारं) बसलं, आणि तेव्हापासून वेगवेगळ्या कॉलेजांतून मला एकाच तऱ्हेचे फोन येताहेत. ‘कितीला पडलं?’ हा पहिला प्रश्न. ‘किती दिवस लागले?’ हा दुसरा. ‘तुमचं काम त्यावर होतं का?’ हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सुरुवातीला मीही विचारला नव्हता. तेव्हा एकदा सगळं लिहूनच काढते. मी दादरजवळच्या एका अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे खरेदी विभाग वगैरे काही नाही. अधीक्षक काका, लेखापाल मॅडम आणि मी, एवढाच काय तो फौजफाटा.

आमचं काम पीएलजीए नावाच्या पॉलिमरवर चालतं. लॅक्टाइड आणि ग्लायकोलाइड यांच्यापासून ते बनतं. शरीरात पाण्याच्या संपर्काने ते हळूहळू तुटत जातं, म्हणून शस्त्रक्रियेतले विरघळणारे टाके आणि औषध थोडं थोडं सोडणारे सूक्ष्म गोळे यांत ते वापरतात. दोन घटकांचं प्रमाण बदललं की तुटण्याचा वेग बदलतो. आम्ही त्याच्या पातळ फिल्म ३७ अंशांच्या बफरमध्ये (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात) ठेवतो, दर आठवड्याला एक तुकडा काढतो आणि त्यात लॅक्टाइड किती, ग्लायकोलाइड किती ते मोजतो. त्यासाठी एनएमआर लागतो. शहरातल्या एका मोठ्या संस्थेत ४०० मेगाहर्ट्झचं उत्तम यंत्र आहे (हा आकडा जितका मोठा तितका चुंबक ताकदवान), पण आमचा नंबर लागायला तीन आठवडे जायचे, कधी पाच. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी बाटल्यांचा डबा घेऊन लोकलने जायची, सॅम्पल्स देऊन यायची आणि मग आम्ही मेलची वाट बघत बसायचो. दर आठवड्याला मोजायच्या प्रयोगाचं उत्तर महिन्याने मिळायचं. एकदा तर चौथ्या आठवड्याच्या तुकड्याचं उत्तर सहाव्याच्या नंतर आलं आणि मधल्या काळात कुठली बाटली कुठे होती यावरून आमच्यात चांगलाच वाद झाला. त्या संस्थेचा यात काही दोष नव्हता. अर्ध्या मुंबईची सॅम्पल्स तिथे जातात.

तेव्हा आपलंच यंत्र घ्यावं असं ठरलं. ४०० मेगाहर्ट्झचं म्हणजे ९.४ टेस्लाचा अतिवाहक चुंबक आला. त्याला वर्षानुवर्षं द्रवरूप हेलियम आणि नायट्रोजन पाजत राहावं लागतं, वेगळी खोली लागते. आमच्या इमारतीत रोज पाणी वेळेवर आलं तरी आम्ही देवाचे आभार मानतो, तिथे हेलियमचं नाव कोण काढणार? टेबलावरच्या यंत्रात कायम चुंबक असतो. तो एक ते अडीच टेस्लाच्या आसपासचा असतो. हेलियम नको, वेगळी खोली नको, साधा प्लग चालतो. अशी यंत्रं ६०, ८०, १०० मेगाहर्ट्झची मिळतात. आम्ही ८० चं मागायचं ठरवलं. का, तर ८० हे ६० पेक्षा जास्त आहे म्हणून. खोटं कशाला बोलू, यापलीकडे काही कारण नव्हतं.

केंद्राच्या एका योजनेत १८ ऑगस्ट २०२३ ला प्रस्ताव टाकला. अंदाजपत्रक करताना मी आमच्याच दुसऱ्या विभागाच्या २०२१ च्या एका मंजूर प्रस्तावाचा सांगाडा उचलला आणि त्यात आकडे भरले. ही चूक लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहे. मागितले ८५ लाख. दिल्लीहून २४ जानेवारी २०२४ ला पत्र आलं, मंजूर झाले ७२ लाख. कपात होते हे ऐकून होते, त्यामुळे वाईट वाटलं नाही. विभागात पेढे वाटले.

फेब्रुवारीत सीमाशुल्काचं काम करणाऱ्या एका एजंटला सहज अंदाज विचारायला फोन केला. मी जीएसटी पाच टक्के धरला आहे म्हटल्यावर तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, “मॅडम, ते पाच टक्के कधीच गेले. दीड वर्ष झालं.” संशोधन संस्थांना मिळणारी पाच टक्क्यांची सवलत १८ जुलै २०२२ पासून बंद झाली होती आणि आता पूर्ण १८ टक्के लागणार होते. तेसुद्धा मूळ किमतीवर नव्हे. किंमत, त्यावर सीमाशुल्क, त्यावर अधिभार, आणि या सगळ्या बेरजेवर १८. माझा सांगाडा २०२१ चा होता. त्या रात्री डोंबिवलीच्या गाडीत उभ्या उभ्या मोबाइलवर हिशेब केला, तेव्हा ८० मेगाहर्ट्झ माझ्या हातून गेलेलं होतं. ६० जेमतेम बसत होतं. कोणाचाही जुना प्रस्ताव वापरा, पण कराची ओळ स्वतः तपासा.

पुढचे चार महिने कागदांचे. आधी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर शोधायचं. तिथे आपल्याला हवी ती वस्तू मिळत नाही, असा पोर्टलवरूनच निघणारा अहवाल जोडायचा. मग दुसरी अडचण. २०० कोटींच्या आतल्या खरेदीला जागतिक निविदा काढायची नाही, असा २०२० चा नियम आहे. हे यंत्र तर परदेशातूनच येणार. त्यामुळे सूट मिळवण्यासाठी अनुदान देणाऱ्या खात्याकडे अर्ज केला. वस्तू देशात का मिळत नाही, याचं समर्थन दोन पानांत लिहून दिलं. पत्र यायला पाच आठवडे लागले. पुढे जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक खरेदीचे हे नियम बरेच सैल केले आहेत आणि ठरावीक संस्थांचे संचालक व कुलगुरू अशा निविदेला स्वतः मंजुरी देऊ शकतात. आपली संस्था त्यात बसते का, एवढं आधी बघून घ्या. बसत असेल तर माझी ही पाच आठवड्यांची रडकथा तुम्हाला लागू नाही.

पत्र हातात पडलं तोवर लोकसभेची आचारसंहिता लागली होती. १६ मार्चपासून. आपल्याला ती लागू होते की नाही यावर ऑफिसात तीन दिवस खल झाला. शेवटी अधीक्षक काका म्हणाले, “मॅडम, मी पुढच्या वर्षी रिटायर होतोय. जूनपर्यंत थांबा.” थांबले. मला निवडणुकीची ड्यूटीही लागली. २० मेच्या मतदानाला मी कांजूरमार्गच्या एका शाळेत बोटांना शाई लावत होते.

या थांबण्याचा एक फायदा झाला, आणि या सगळ्या हकिगतीतला माझ्या मते सर्वांत कामाचा भाग तोच आहे. एका विक्रेत्याची मरोळला प्रात्यक्षिकाची खोली होती. तिथे ६० चं यंत्र होतं. २४ एप्रिलला मी आणि विद्यार्थिनी आमची सहा सॅम्पल्स घेऊन गेलो. प्रात्यक्षिकात विक्रेते नेहमी त्यांचं सॅम्पल दाखवतात. ते सुंदरच दिसतं, कारण ते त्यासाठीच निवडलेलं असतं. तुम्ही तुमचं न्या. कोरडं न्या, विरघळवायचं ते तिथे विरघळवा. ज्यांचं उत्तर मोठ्या यंत्रावर आधी मिळालेलं आहे अशीच सॅम्पल्स निवडा. आणि ते उत्तर त्यांना सांगू नका. आम्ही बाटल्यांवर नुसते १ ते ६ आकडे टाकले होते.

भीती कशाची होती ते सांगते. पीएलजीएच्या वर्णपटात, म्हणजे यंत्र काढतं त्या आलेखात, लॅक्टाइडच्या सीएचचा पुंजका ५.२ पीपीएमला (पीपीएम म्हणजे आलेखावरची जागा सांगणारं माप) येतो आणि ग्लायकोलाइडच्या सीएच-टूची रेष ४.८ ला. मधलं अंतर ०.४ पीपीएम. ४०० च्या यंत्रावर हे अंतर १६० हर्ट्झ होतं, ८० वर ३२, आणि ६० वर फक्त २४. लॅक्टाइडचा पुंजका मात्र सगळीकडे तेवढाच, चार फाट्यांचा, २१ हर्ट्झ रुंद. कारण फाट्यांमधलं ७ हर्ट्झचं अंतर चुंबकावर ठरत नाही, रेणूवर ठरतं. म्हणजे मोठ्या यंत्रावर ऐसपैस सुटे बसलेले दोघे इथे लोकलमधल्यासारखे चौथ्या सीटवर येऊन बसतात. एकाचा खांदा दुसऱ्याला लागतो.

आणि तसंच झालं. तीस-तीस मिलिग्रॅम, प्रत्येकी पाचेक मिनिटं, आणि मोठ्या यंत्रावर ७५ टक्के लॅक्टाइड दाखवणाऱ्या सॅम्पलचं उत्तर ७० आलं. दुसऱ्याचं ७१. पुंजके कुठे तोडायचे हेच ठरत नव्हतं. रेघ जरा इकडे घेतली की ७३, तिकडे घेतली की ६९. विक्रेत्याचा माणूस चांगला होता. त्याने सरळच सांगितलं, “तुम्हाला ८० लागेल.” आम्ही गप्प बसून मेट्रो धरली.

घाटकोपर यायच्या आत विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, पण ते दोन तोडायचेच कशाला?” लॅक्टाइडला एक मिथिल गटही असतो. त्याची रेष १.६ ला, बाकीच्यांपासून कोसभर लांब. रेषेखालचं क्षेत्रफळ हायड्रोजनच्या संख्येच्या प्रमाणात असतं आणि मिथिलमध्ये हायड्रोजन तीन, म्हणून तिचं क्षेत्रफळ भागिले तीन म्हणजे थेट लॅक्टाइड. ५.२ आणि ४.८ चे पुंजके न तोडता एकत्रच मोजायचे, त्यातून हे लॅक्टाइड वजा करायचं आणि उरलेल्याचे अर्धे करायचे, की ग्लायकोलाइड. शाळेतलं त्रैराशिक. आलेख पीडीएफमध्ये होते, क्षेत्रफळं छापलेली होती. घाटकोपरच्या पुलावर उभं राहून केलेल्या हिशेबात पहिल्या सॅम्पलचं उत्तर ७४.३ आलं आणि सहाच्या सहा मोठ्या यंत्राच्या दीड टक्क्याच्या आत बसले.

८० मेगाहर्ट्झ मला परवडत नव्हतंच. पण त्या दिवशी कळलं की माझ्या कामाला त्याची गरजही नव्हती. उलटही होऊ शकतं. आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना सिमेंटच्या रंध्रांतलं पाणी मोजायचं होतं. त्यांना वर्णपट नकोच होता. सिग्नल किती वेगाने विझतो तेवढंच हवं होतं. त्यासाठी २० मेगाहर्ट्झचं, रुंद नळीचं, यापेक्षा स्वस्त यंत्र जास्त बरं. शिवाय करड्या सिमेंटमध्ये लोह असतं, त्याने सिग्नल फारच लवकर विझतो. म्हणून असे अभ्यास बऱ्याचदा पांढऱ्या सिमेंटवर करतात. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते माझ्यावर जरा रागावले होते. रबराचं तसं नाही. ते मऊ असतं, त्याचा सिग्नल मिलिसेकंदभर टिकतो आणि साखळ्या एकमेकींना किती जोडल्या गेल्यात याचा अंदाज आमच्या ६० वरही येतो.

६ जूनला आचारसंहिता उठली आणि १० जूनला निविदा निघाली. परदेशातून बोली येणार असतील तर किमान चार आठवडे मुदत द्यावी लागते. बोलीपूर्व बैठकीला चार विक्रेते आले. एकाने लगेच बोट ठेवलं. ‘वजन ६५ किलोपेक्षा कमी’ ही अट एकाच कंपनीला सोयीची आहे म्हणाला. खरंच होती. मी एका माहितीपत्रकावरून उतरवली होती, आणि हेतू एवढाच होता की आमच्या लिफ्टला झेपावं. अट काढून टाकली. त्याऐवजी काम काय झालं पाहिजे ते लिहिलं. रेषेची रुंदी अमुक हर्ट्झच्या आत, संवेदनक्षमता अमुक, ड्युटेरियम (जड हायड्रोजन) नसलेल्या साध्या द्रावकातही मोजता आलं पाहिजे, आणि हायड्रोजनबरोबर फ्लोरिन मोजता आलं पाहिजे. नंतर कोणाची तक्रार आली नाही.

तांत्रिक बोली उघडायची तारीख होती सोमवार, ८ जुलै २०२४. मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. आदल्या रात्री एक ते सकाळी सात एवढ्यात शहरात कुठे कुठे ३०० मिलिमीटर पाऊस पडला. मध्य रेल्वे ठप्प. समितीचे बाहेरचे तज्ज्ञ कल्याणला, प्राचार्य ठाण्यात आणि मी डोंबिवलीच्या फलाट तीनवर. उघडणं ११ तारखेवर गेलं. निविदेत ‘त्या दिवशी सुट्टी किंवा काम बंद असल्यास पुढच्या कामाच्या दिवशी’ अशी एक ओळ घालून ठेवा. आमच्यात नव्हती. त्यामुळे वेगळं शुद्धिपत्रक काढावं लागलं.

तीन बोली आल्या. एकीत भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांबद्दलचं प्रमाणपत्र राहिलं होतं. ते मागवण्यात आठवडा गेला. आर्थिक बोली २९ जुलैला उघडल्या आणि २१ ऑगस्टला खरेदीचा आदेश निघाला. यंत्राची मूळ किंमत रुपयांत साधारण ५४ लाख, तीन वर्षांची वॉरंटी धरून.

मग एलसी. आमच्या ऑफिसात एलसी म्हणजे एकच गोष्ट, लिव्हिंग सर्टिफिकेट. मी “एलसी काढायचीय” म्हटल्यावर खिडकीतल्या ताईंनी विचारलं, “कुठल्या वर्षाचा विद्यार्थी?” ही एलसी बँकेची. माल जहाजावर किंवा विमानात चढल्याचे कागद दाखवले की परदेशातल्या विक्रेत्याला पैसे मिळतील, अशी बँकेने दिलेली हमी. आमच्या शाखेत हे काम जाणणारे एकच साहेब, आणि ते गणपतीला गावी गेलेले. ७ सप्टेंबरला गणपती बसले. साहेब १२ ला आले आणि १३ ला एलसी उघडली. ९० टक्के कागदांवर, १० टक्के यंत्र बसल्यावर. हे दहा टक्के मात्र कधीही सोडू नका. त्या दिवशी युरो ९३ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबरमध्ये कागद आले तेव्हा ८९ झाला होता. पूर्ण सतरा महिन्यांत आपणहून आमच्या बाजूने झालेली ही एकच गोष्ट.

११ डिसेंबरला खोकं सहार विमानतळाच्या कार्गोत उतरलं आणि तिथेच अडकलं. आयात-निर्यातीचा क्रमांक आमच्या शिक्षण संस्थेच्या नावावर, आणि एअरवे बिलावर, म्हणजे विमानाच्या मालपावतीवर, नाव कॉलेजचं. आमच्यासाठी दोन्ही एकच, सीमाशुल्कासाठी नाही. चूक आमचीच होती. खरेदीच्या आदेशावर मीच कॉलेजचं नाव घातलं होतं. दुरुस्तीचं पत्र, संस्थेच्या सचिवांची सही, विमान कंपनीची दुरुस्ती. गोदामात फुकट ठेवण्याची मुदत तोवर संपली होती. २३,४०० रुपये डेमरेज भरलं. हे अनुदानातून देता येत नाही. कॉलेजच्या निधीतून मागून घ्यावं लागलं आणि त्यासाठी प्राचार्य सरांच्या केबिनमध्ये जी दहा मिनिटं काढली ती मी इथे लिहीत नाही. खरेदीच्या आदेशावर आयात क्रमांकातलं नाव अक्षर न् अक्षर तसंच घाला.

१९ डिसेंबरला टेम्पो कॉलेजच्या दारात आला. अशा खोक्यांवर धक्का बसला किंवा खोकं आडवं झालं तर लाल होणारे स्टिकर लावलेले असतात. ते पाहिल्याशिवाय पावतीवर सही करायची नाही. दोघांपैकी एक लाल होता. टेम्पोवाला घाई करत होता, तरी फोटो काढले आणि पावतीवर ‘तिरकेपणा दर्शक लाल’ असं लिहून मगच सही केली. नंतर सगळं ठीक निघालं. पण त्या रात्री मला झोप नव्हती. यंत्राचं वजन शेवटी साठेक किलो भरलं. चार हमाल, जुनी जाळीची लिफ्ट, आणि मागे जिन्याने धावत मी.

जागा आधीच तयार होती. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. इंजिनीअर ८ जानेवारीला आला. आल्या आल्या त्याने टेबलामागचं गोदरेजचं कपाट हलवायला लावलं. लोखंड जवळ असलं, आणि त्यातही ते उघडमीट होणारं असलं, की चुंबकाचं क्षेत्र वाकडं होतं. एसीचा झोत थेट यंत्रावर येत होता, त्याला पुठ्ठा लावला. कायम चुंबक तापमानाला फार हळवा असतो. निओडिमियमच्या चुंबकाचं क्षेत्र एका अंशाला साधारण हजारात एक भागाने बदलतं, आणि आपला सगळा वर्णपट मावतो दशलक्षात दहा-बारा भागांत. म्हणून यंत्र चुंबकाला आतून सतत एकाच तापमानावर ठेवतं आणि म्हणूनच ते कधीच बंद करायचं नसतं. रेल्वे किती लांब आहे हेही त्याने विचारलं. मुंबईच्या लोकल पूर्वी १५०० व्होल्टच्या डीसीवर धावायच्या. रुळांतून परतणाऱ्या त्या प्रवाहाचं सावकाश हलणारं चुंबकीय क्षेत्र अशा यंत्रांना मुळीच सोसत नाही. आता २५ हजार व्होल्टचा एसी आहे. गाडी गेली तरी रेष हलत नव्हती. तळमजल्यावर लिफ्टचं दार आपटलं की मात्र किंचित हलायची.

दोन दिवस चुंबक स्थिरावू दिला. रात्रभर यंत्र स्वतःच क्षेत्र सारखं करत बसलं होतं. १० जानेवारीला, शुक्रवारी, चाचणी झाली. रेषेच्या रुंदीची अट होती ०.५ हर्ट्झच्या आत. आली ०.४३. मग इंजिनीअर म्हणाला, आता तुमचं काहीही लावा. मी इथेनॉल लावलं. त्याला कारण आहे. इथेनॉलच्या एकाच रेणूतले हायड्रोजन तीन वेगवेगळ्या जागी रेषा देतात, हे १९५१ मध्ये स्टॅनफर्डला ज्या तिघांनी दाखवलं त्यात अर्नोल्ड आणि पॅकर्ड यांच्यासोबत एस. एस. धर्मट्टी होते. तेच पुढे मुंबईत येऊन टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरचा गट उभा करणारे. वर्गात हे दर वर्षी सांगते. पडद्यावर तीन पुंजके उभे राहिले, तीनास दोनास एक, तेव्हा मागे उभ्या असलेल्या एमएस्सीच्या मुलांपैकी एकजण म्हणाला, “मॅडम, पुस्तकातल्यासारखंच आहे की!” एवढंच. पण मला जरा दम घ्यायला बाहेर जावं लागलं.

सोमवारी आमचे परिचर मामा पिवळा ऑइलपेंट आणि ब्रश घेऊन आले. डेड स्टॉकचा, म्हणजे कॉलेजच्या कायम मालमत्तेच्या नोंदवहीतला, नंबर घालायला. नियमच आहे तसा. मी आडवी पडले म्हणून नंबर टेबलावर गेला.

सगळं मिळून यंत्र दारात पडलं ६९ लाखांच्या थोडं वर. यूपीएस एक लाख चाळीस हजार, एजंट आणि वाहतूक साठेक हजार. उपयोगिता प्रमाणपत्र १२-अ नमुन्यात मार्चअखेर गेलं. यूपीएसवर काटकसर करू नका, असं सगळे सांगतात. आम्ही केली. दोन तासांचा घेतला. मे महिन्याच्या सुट्टीत वीजदुरुस्तीसाठी कोणीतरी मजल्याचा मेन बंद केला तो थेट दुसऱ्या दिवशी चालू केला. चुंबक थंड पडला. पुन्हा जागेवर यायला दीड दिवस लागला. आता त्या एमसीबीवर लाल चिकटपट्टी आहे आणि खाली माझा मोबाइल नंबर.

२०२५ मध्ये पाऊस २६ मेलाच मुंबईत आला. जूनमध्ये आमच्या नव्या फिल्मची साप्ताहिक मोजणी सुरू झाली आणि उत्तरं फारच छान येऊ लागली. पहिल्या आठवड्याला लॅक्टाइड ७५, दुसऱ्याला ७७, तिसऱ्याला ७९. ग्लायकोलाइडचे दुवे आधी तुटतात, म्हणून उरलेल्यात लॅक्टाइडचं प्रमाण वाढायलाच हवं. हेच आम्हाला दाखवायचं होतं. विद्यार्थिनीने आलेखही काढला. आठवडाभर मी खुश होते. मग तिनेच, कोणी न सांगता, बफरमध्ये कधीच न घातलेली कोरी फिल्म लावली. उत्तर ७९.

पाणी होतं. आम्ही सॅम्पल ज्यात विरघळवतो त्या ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये (ड्युटेरियम घातलेल्या द्रावकात) विरघळलेल्या पाण्याची रेष १.५६ पीपीएमला येते, बरोबर आमच्या मिथिलच्या पोटात. मोठ्या यंत्रावर ती सुईसारखी वेगळी उठून दिसते. ६० वर ती मिथिलमध्ये बुडून जाते आणि तिचं क्षेत्रफळ लॅक्टाइडच्या खात्यावर जमा होतं. मरोळला विक्रेत्याने द्रावकाची नवीकोरी अँप्यूल (बंद काचेची कुपी) फोडली होती. आमची बाटली फेब्रुवारीपासून उघडमीट होत होती आणि बाहेर जूनचा पाऊस. नुसतं द्रावक नळीत घालून लावलं, तर १.५६ ला रेष हजर. ती रोज आधी बघायची सवय आम्ही जानेवारीतच लावून घ्यायला हवी होती.

आता आम्ही क्लोरोफॉर्म मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषून घेणाऱ्या मण्यांवर) ठेवतो. फिल्म रात्रभर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये असते, आणि पावसाळ्यात सरळ ड्युटेरेटेड डीएमएसओ हे दुसरं द्रावक वापरतो. ते हवेतलं पाणी आणखीच ओढतं, पण तिथे पाण्याची रेष ३.३ च्या आसपास येते, आमच्या कुठल्याच रेषेच्या वाटेला जात नाही. द्रावण जरा दाट होतं, रेषा किंचित रुंदावतात. चालतं.

जुने आकडे टाकून द्यावे लागले. नशिबाने तिसऱ्या आठवड्याचा तुकडा अर्धा डेसिकेटरमध्ये (कोरडं ठेवणाऱ्या बंद भांड्यात) शिल्लक होता. काल संध्याकाळी तो डीएमएसओमध्ये लावला. ७६.२ आलं. बाकीचे आठवडे सोमवारी लावू.